तळाशी गेलेला सेल

माझ्या नवऱ्याचा आवाज बदकासारखा होता आणि मी त्या आवाजाच्या प्रेमात पडले. लग्न आधीच झालेलं होतं, त्यामुळे कुणी नावं ठेवायचा प्रश्न नव्हता.

लग्न ठरवून झालं होतं. मी होडी चालवते, तो पाण्याखाली वेल्डिंग करतो, दोघंही मालवणचे, दोघांच्याही अंगाला डिझेल नाही तर खाऱ्या पाण्याचा वास. बघण्याच्या कार्यक्रमात आम्ही हवामानाबद्दल बोललो. लग्नानंतरही फारशी प्रगती झाली नाही. भार्गव मेतर हा माणूस शब्द असे वापरतो, जणू दुकानातून उसने आणलेत. "भात वाढू?" "वाढ." "मासो बरो झालो?" "झालो." एवढ्यावर आमचा संसार चालू होता. मग गणपती झाले, समुद्र निवळला आणि भार्गव तळघरात गेला.

तळघर हे आम्ही मालवणकरांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री ती प्रवाळाची रोपवाटिका आहे. समुद्र तापून प्रवाळ मरायला लागल्यावर ते थंड, खोल पाण्यात वाढवायची योजना निघाली. किनाऱ्यापासून लांब, चाळीसेक मीटर खोल तळावर, टाकीसारखं एक पोलादी घर ठेवलं गेलं आणि त्यात पाणबुडे राहायला लागले. इतक्या खोल रोज जाऊन-येऊन काम होत नाही. दाबाखाली रक्तात वायू मुरतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली फोडल्यासारखा तो अंगातच फसफसतो. म्हणून एकदा खाली गेलं की हंगाम संपेपर्यंत खालीच राहायचं. भार्गव जाणार होता तो थेट शिमग्यापर्यंत.

बदकाची भानगड हेलियममुळे. तेवढ्या दाबाला आपली नेहमीची हवा माणसाला दारू प्यायल्यासारखी चढते, म्हणून तळघरात नायट्रोजनच्या जागी हेलियम भरलेला असतो. हेलियम इतका हलका की त्यातून आवाज सुसाट पळतो आणि माणूस बोलला की बदक बोलल्यासारखं वाटतं. किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूमला हे आवडत नाही. तिथं एक यंत्र आहे, ते खालून आलेला आवाज सरळ करून देतं. घरच्यांना आठवड्यातून एकदा कंट्रोल रूममध्ये बसवून बोलू देतात. पहिल्या खेपेला मी गेले, तर स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगणाऱ्यासारखा कुणी तरी यंत्रातून म्हणाला, "मी बरा आहे. तुम्ही सर्व बरे असालच." बाजूला दोन साहेब चहा पीत होते. मी म्हटलं, आम्ही पण बरे आहोत, आणि उठले.

आमचं खरं बोलणं व्हायचं ते टॉर्चवरून.

बोलता टॉर्च आता सगळ्यांच्या परिचयाचा आहे, पण तेव्हा तो नवा होता. समुद्राच्या पाण्यातून रेडिओ जात नाही, निळसर हिरवा प्रकाश मात्र बराच खोल जातो. टॉर्चमध्ये बोललं की त्याचा उजेड आवाजाच्या तालावर थरथरतो, इतका भरभर की डोळ्याला काही कळत नाही. समोरच्या टॉर्चला एक काचेचा डोळा असतो, तो ती थरथर टिपून पुन्हा आवाज करून कानात सोडतो. पाणी स्वच्छ असेल आणि सेल ताजे असतील तर होडीच्या कडेवरून टॉर्चचं तोंड पाण्यात बुडवायचं आणि तळाशी बोलायचं. भार्गवकडे जुना टॉर्च होता, तीन पावसाळे वापरलेला. माझा लग्नात आलेला, कोरा. खाली प्रत्येकाला एक खासगी टॉर्च न्यायची परवानगी असते, पण आतल्या सेलांची जोडी तपासून, वर शिक्का मारून. जास्तीचे सेल अजिबात न्यायचे नाहीत. बंद घरात लिथियम पेटला तर पळायला जागा कुठे आहे?

आता मेतरांच्या घरातली एक रीत सांगायला हवी. त्यांच्या दोन होड्या लांबच्या मासेमारीला वेगवेगळ्या दिशांना निघाल्या, की एकीचा दोर दुसरीत टाकतात आणि दुसरीचा पहिलीत. उसना दोर परत करायचा म्हणून दोघी घरी येतात, असं म्हणे. निघायच्या दिवशी शिक्का-तपासणी सगळी झाल्यावर भार्गव धक्क्यावर मला बाजूला घेऊन गेला आणि दोन्ही टॉर्चच्या टोप्या उघडल्या. माझ्यातला एक सेल काढून त्याने आपल्या टॉर्चमध्ये घातला, त्याचा एक माझ्यात.

"तुझो एक माझ्याकडे," तो म्हणाला, "माझो एक तुझ्याकडे."

माझा सेल थोडा लांब होता, त्याची टोपी काही लागेना. त्याने फडकं धरून जोर लावला, टोपी बसली. उलट त्याचा सेल माझ्या नळीत खुळखुळायला लागला, तर खिशातल्या चॉकलेटची चांदी घडी करून त्याने मागे दाबली. लग्नानंतर या माणसाने माझ्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट. मी दिवसभर उगाचच हसत होते. सासूबाईंनी विचारलंसुद्धा, काय झालं गो तुला.

तळघराला भाजीपाला पोचवायचं काम माझ्या होडीकडे होतं. होडी आता आपली आपण वाट धरते, जागेवर पोचली की नांगर न टाकता एका ठिकाणी उभीही राहते. मी हवाबंद डबा दोराने खाली सोडायची. वरून जाणाऱ्या वस्तूंची किनाऱ्यावरच झडती होई, मेथीची जुडीसुद्धा सोडवून बघत. खालून रिकामे डबे वर येत, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. डबा खाली पोचून रिकामा होईपर्यंत सांज व्हायची. सूर्याचा उजेड पाण्यातून गेला की टॉर्चला रान मोकळं. मी पालथी पडून टॉर्च पाण्यात बुडवायची, आणि कानात बदक बोलायला लागायचं.

आणि काय बोलायचं! घरात भाताला 'वाढ' म्हणणारा माणूस खाली जाऊन इतका बोलका होईल असं त्याच्या आईलाही वाटलं नसतं. अंधाऱ्या खिडकीशी बसून, समोर कुणाचं तोंड नाही, आपला आवाजही आपला नाही, अशा वेळी त्याला सुचायला लागलं असावं.

"आज काय धाडलंस?"

"तांबडी भाजी. आणि कोकमाची सोलां."

"बरा केलंस. हय दाबाक जिभेची चव जाता गो. सगळा पुठ्ठ्यासारखा लागता. सोलां तेवडी कळतत."

"आणि थंडी?"

"थंडी तर इचारू नको. हेलियमात ऊबच रवणा नाय. तू धाडलंस ते मोजे घालून निजतंय."

त्याने मला खिडकीबाहेरचा मासा सांगितला, रोज संध्याकाळी येऊन काचेवर तोंड लावणारा. लहानपणी होडीतून पडून तो तळाशी गेला होता आणि तिथं त्याला भीती वाटली नव्हती, हे सांगितलं. बघायला आला तेव्हा मी नेसलेल्या साडीचा रंग सांगितला. मीच विसरले होते. मी त्याला म्हटलं, "तेव्हा तर तोंड वर करून बघूक नाय." तर बदक म्हणालं, "पदर बघलंय ना."

मी घरी येऊन जेवायला बसले की सासूबाई विचारायच्या, काय म्हणत होता? मी म्हणायची, बरा आहे. सगळं सांगायचं तरी कसं?

माघ संपत आला तसं पाणी बिघडलं. दरवर्षीच बिघडतं. सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो, समुद्राला हिरवट सायीसारखा थर येतो आणि उजेड त्यात अडकून पडतो. भार्गवचा आवाज तुटायला लागला. 'वैदू' ही मला मारलेली हाक ऐकू यायची आणि पुढचं वाक्य पाण्यात जायचं. एकदा तो काहीतरी मोठं सांगत होता, त्याला गहिवरून आलं असावं, आणि मला फक्त "तुका" आणि "कधीच" एवढेच दोन शब्द मिळाले. आठवडाभर मी ते दोन शब्द वेगवेगळ्या वाक्यांत बसवून बघत होते. शेवटी ठरवलं की टॉर्चला तगडे सेल घालायचे, आणि फिलूमावशीचं दुकान गाठलं.

फिलोमिना फर्नांडिस, सगळ्या बाजारपेठेची फिलूमावशी. मध्यंतरी सेलांच्या आगी लागायला लागल्या तेव्हा कायदा झाला, की चष्मा जसा डोळे तपासून देतात तसा लिथियमचा सेल उपकरण तपासूनच द्यायचा. मावशीने परवाना काढला. दर रविवारी चर्चला जाणारी ही बाई सेलांच्या बाबतीत मात्र पक्की पत्रिका बघणारी. दोन सेलांचे गुण जुळल्याशिवाय ती जोडी हातात देत नाही.

"माका सगळ्यात मोठ्या आकड्याचो सेल होयो," मी म्हटलं.

"आकडो छापाक काय जाता? शाई स्वस्त असा." तिने माझा टॉर्च ओढून घेतला. "आधी जुने बघू. खय घातलेले, कसे घातलेले, तां बघल्याशिवाय मी नवे देणंय नाय."

टोपी उघडली आणि चॉकलेटची चांदी बाहेर पडली. मावशीने ती चिमटीत धरून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. मग तिने दोन्ही सेल थरवाचकात ठेवले. सेल चार्ज करावा, वापरावा, की त्याच्या पोटात प्रत्येक वेळी एक बारीक थर बसतो. थर वाढले की सेलची धाव कमी होते. हे यंत्र ते थर बाहेरूनच वाचतं आणि सेलने किती आयुष्य काढलं ते सांगतं. पडद्यावर दोन रेघा आल्या, एक गुडघ्याएवढी, एक डोक्याच्या वर.

"हेंचा लग्न कोणी लावल्यान?"

"भार्गवान."

"एक म्हातारो, एक कालचो पोरगो. आणि ह्या म्हाताऱ्याक तर संरक्षणाची चकतीय नाय. नागडो सेल." तिने मला दाखवलं. नव्या सेलच्या बुडाशी एक पातळ चकती असते, तीवर बारीकसं सर्किट. सेल फार रिकामा झाला, फार भरला, की ती वीज तोडते. त्या चकतीमुळे सेल थोडा लांब होतो. भार्गवच्या टॉर्चची नळी आखूड, म्हणून त्याने बिनचकतीचे सेल वापरलेले. दोन सेल एकामागे एक लावले की दोघांतून एकच प्रवाह जातो. म्हातारा आधी रिकामा होतो, पण पोरगा थांबत नाही. तो रिकाम्या म्हाताऱ्यातून वीज उलटी ढकलत राहतो. मग म्हातारा तापतो, फुगतो, आणि बंद नळीत फुगायला जागा नसते.

"देवान राखल्यान तुका," मावशी म्हणाली. "आता तुझो दुसरो सेल खय असा?"

"भार्गवकडे."

"त्याच आखूड नळीत? चकतीवालो? मगे टोपी कशी लागली?"

मी चांदीची घडी उलगडत राहिले.

"जोर लावल्यान?"

"फडको धरून," मी म्हटलं.

मावशीने चष्मा काढला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे चकती चेपली असतली. ती आता राखणदार नव्हे, तीच पेटतली. आणि बाजूक म्हातारो. गो, तां घर बंद असा ना?"

"डबोच तो," मी म्हटलं. "सहा माणसां."

तिने फोन माझ्यासमोर ठेवला. कंट्रोल रूमला फोन केला की शिक्का मारल्यावर जोडी फोडल्याचं उघड होणार. मग चौकशी, मग भार्गवला वर काढणार आणि पुन्हा कधी खाली सोडणार नाहीत. पाण्याखाली आपल्याला भीती वाटत नाही, हे ज्या माणसाने फक्त मला सांगितलं, त्याचं पाणी मी तोडायचं? आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. टॉर्च गेला की बदक गेलं. पाणी नाहीतरी आठवड्याभरात पार हिरवं होणार, मग तो आपोआप थांबेलच, तोपर्यंत दोन सांजा तरी. एवढाही विचार मनात आला आणि माझी मलाच भीती वाटली.

"तासाभरात माझी खेप असा," मी म्हटलं. "मी सांगतंय तेका. दिवेलागणीपर्यंत माझो फोन इलो नाय तर तू कंट्रोल रूमाक सांग. नोकरी गेली तर जावंदे."

मावशीने मान डोलावली. मग तिने माझ्यासाठी एक जोडी निवडली. दोन्ही सेल एकाच दिवशी जन्मलेले, दोन्हीची रेघ सारखी, वेष्टन कुठे फाटलेलं नाही. नळीत सोडल्यावर ते आपल्या वजनाने सरकत गेले, आणि हलवून बघितलं तरी खुळखुळले नाहीत.

त्या दिवशी समुद्र शांत होता आणि रंग शेवाळासारखा. मी डबा सोडला. नेहमी भार्गव आधी बोलायचा. तो बोलला की त्याचा उजेड लागणार, उजेड लागला की दोन्ही सेलांवर ताण येणार. ऐकायला मात्र टॉर्चला नावालाच वीज लागते. म्हणजे त्याच्या आधी मला बोलायचं होतं. डबा तळाला टेकायच्या आतच मी पालथी पडले आणि टॉर्च पाण्यात घातला.

"वैदू, आज उशी—"

"गप!" मी ओरडले. "बटण सोड. एक शब्द बोलू नको. नुसता आयक. मी सांगीपर्यंत बोलू नको, भार्गव."

कानात काहीच आलं नाही. तो थांबला की पाण्यानेच आवाज अडवला, हे कळायला मार्ग नव्हता.

"तुझ्या टॉर्चात माझो सेल चेपलो हा. आणि तुझो म्हातारो झालो हा. त्या दोघांचा जमणा नाय, खयच्याय घडीक पेट घेतीत. टॉर्च हातात घेवन बघ. गरम लागलो तर उघडू नको, खालच्या दारातसून समुद्रात टाक आणि सगळ्यांका जागा कर. थंड असलो तर टोपी हळूहळू सैल कर. दोन्ही सेल वेगवेगळे गुंडाळ, एकमेकांक लागता नयेत. आणि डब्यातसून वर धाड. आयकलंस?"

विचारलं आणि जीभ चावली. उत्तर देऊ नको म्हणून सांगितलेल्या माणसाला कोण असं विचारतं? तेच सगळं मी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं. आणि मग सांगायचं संपलं, पण टॉर्च पाण्यातून काढवेना.

"आणि आणखी एक," मी म्हटलं. "तुझो बदकासारखो आवाज माका बरो वाटता. कंट्रोल रूमातलो तो सरळ आवाजाचो माणूस माझो कोण नाय. माझो नवरो तो बदक. आता शिमग्यापर्यंत तो माका आयकूक गावचो नाय, आणि माका आत्ताच करमणा नाय, अजून तर तू खालीच बसलंस. तू बोलू नको. पण मी येतलंय. दर खेपेक टॉर्च बुडवून बसतलंय."

पाण्यावर लाटसुद्धा नव्हती. एकदा, फक्त एकदा 'होय' म्हण, असं म्हणायला माझे ओठ उघडले होते. मी टॉर्च बाहेर काढला आणि विझवला, कारण हातात राहिला असता तर मी ते म्हटलं असतं.

डबा वर यायला फार वेळ लागला. दोर हलला तेव्हा किनाऱ्यावर दिवे लागत होते. झाकण उघडलं. रिकाम्या पिशव्यांच्या खाली माझेच लोकरी मोजे होते, दोन्ही वेगवेगळे गुंडाळलेले. एका मोज्यात माझा सेल, बुडाशी चेपलेला, एका बाजूला किंचित फुगलेला. दुसऱ्यात त्याचा. दोन्ही थंड होते. उसने दोर परत आले होते आणि होडी मात्र तळाशीच राहिली होती. मी मावशीला फोन केला, "इले" एवढंच म्हटलं, आणि होडी आपली वाट धरून घरी निघाल्यावर मनसोक्त रडले.

मी ठरल्याप्रमाणे दर खेपेला टॉर्च बुडवत राहिले, बोलत राहिले. त्याच्या टॉर्चमध्ये सेलच नव्हते, तो ऐकणार कसा? तरी बोलायची. पाण्याला काय, त्याने कधी तक्रार केली नाही. कंट्रोल रूममध्ये सरळ आवाजाचा माणूस मला आठवड्याला सांगायचा की तो बरा आहे.

शिमगा झाला आणि भार्गव वर आला. आधी दाब हळूहळू उतरवायच्या खोलीत काही दिवस, मग धक्क्यावर. दाढी वाढलेली, रंग उतरलेला. मी पुढे झाले. तो म्हणाला, "काय गो." जाडाभरडा, छातीतून आलेला आवाज. कुणाचा तरी.

घरी आम्ही पुन्हा भातावर आलो. "वाढू?" "वाढ." त्याने मासा खाल्ला, चव लागते म्हणाला. रात्री पंखा बघत पडायचा. मी साडीचा विषय काढून बघितला, तो हसला आणि होडीची मोटर बघायला उठून गेला. मी माझ्या नवऱ्याची वाट बघत होते आणि तो समोर बसून सोलकढी पीत होता. बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान दिसत असणार. मला मात्र हिरव्या पाण्यावर पालथी पडल्यासारखं वाटायचं.

शेवटी जुने चारही सेल आणि दोन्ही टॉर्च घेऊन मी फिलूमावशीकडे गेले.

"बोलता काय तो?" तिने पहिलं हेच विचारलं.

"मीठ दे म्हणता."

तिने सेल यंत्रात ठेवले. जुन्या जोड्या पुन्हा जुळवता येतील अशी माझी वेडी आशा. चार रेघा आल्या, चारी चार उंचीच्या. वेगळं राहून प्रत्येकाने आपापले थर चढवले होते. "आता हेंच्यातलो एकय कोणाक चलाचो नाय," मावशी म्हणाली आणि चौघांची टोकं चिकटपट्टीने झाकून ते मोडीच्या वाळूभरल्या पिंपात ठेवले. मला वाईट वाटलं, हे कबूल करायला लाज कसली?

"एक नवी जोडी दी," मी म्हटलं. "माझ्यातली बरी असा, ही तेच्या टॉर्चात."

भार्गवची नळी मापून तिने मान हलवली. "चकतीवालो सेल ह्यात मावाचो नाय. आणि नागडो मी देवचंय नाय."

"मगे?"

"सेल कापूक येणा नाय. नळी वाढवूक येता." तिने ड्रॉवरमधून आटे पाडलेली एक पितळी कडी काढली, नळी आणि टोपीच्या मध्ये बसवली. सेल आत सरकले. टोपी दोन बोटांनी फिरवून लागली. "बघ. जोर लावचो लागलो नाय."

त्या संध्याकाळी मी भार्गवला दांडीच्या किनाऱ्यावर नेलं. त्याच्या हातात त्याचा टॉर्च दिला आणि कानातलं यंत्र लावायला सांगितलं. "हयसरच उभो रव," म्हटलं आणि होडी ढकलून आत गेले. लांब, त्याचं तोंड दिसेनासं होईपर्यंत. पाण्यात काही बुडवायची गरज नव्हती. मधे फक्त हवा होती. मी टॉर्च त्याच्या दिशेने धरला.

"बोल काय तरी."

किनाऱ्यावर निळा ठिपका लागला. तो हलला, स्थिर झाला. कानात श्वास ऐकू आला, जाडाभरडा.

"बदक नाय हा आता," तो म्हणाला.

"आयकतंय मी."

होडीच्या कडेला पाणी चुबकत होतं. मला वाटलं, झालं, आता हा 'येव घराक' म्हणणार.

"वैदू, एक इचारू?"

"इचार."

"त्या सांजेक मी खिडकीकडेच होतंय. तू सांगलंस, मी सांगीपर्यंत बोलू नको. बरोबर?"

"होय."

"मी टॉर्च हातात धरून बसलंय. होय म्हणाक बटणार बोट ठेवलेला. मगे काढलंय." निळा ठिपका जरा खाली गेला, पुन्हा वर आला. "तेच्यानंतर वर इलंय, घराक इलंय, इतके दिस झाले. मी वाट बघतंय. तू परत बोल म्हणान सांगलंस खय?"

मी होडीत उभी होते ती बसले. टॉर्च दोन्ही हातांत धरला, हलू नये म्हणून.

"बोल," मी म्हटलं.